नायलॉनचा दोरा

वस्तू अंगठ्याने दाबून पाहण्याची खोड मला लहानपणापासून आहे. आंबा, गुळाची ढेप, पाहुण्यांकडे गेलो तर त्यांची गादीसुद्धा! परवा वारणानगरला भाचीकडे उतरलो होतो. सकाळी ओट्यावरची दुधाची पिशवी सहज दाबली, तशी सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, फुटेल ना!"

भाची हसली. "दाबू द्या मामी, माझाही धंदा तोच आहे."

तात्यासाहेब कोऱ्यांच्या या गावात ऊस आणि दूध हेच विषय निघायचे. पण भाची प्लॅस्टिकवर संशोधन करते. पिशवी दिसते एकपदरी, पण पुष्कळदा तिच्यात पॉलिथिनचे तीन पदर एकजीव केलेले असतात आणि तिघांची मिळून जाडी पन्नास-साठ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढी. ओढून फाडली तर पिशवीची ताकद कळते. कोणत्या पदराचा वाटा किती, ते कळत नाही. म्हणून तिचा तुकडा राळेत बसवायचा, आडवा कापून गुळगुळीत करायचा आणि एकेका पदरावर हिऱ्याचे तीन बाजूंचे टोक टेकवायचे. भार एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढा, टोक आत जाते सुमारे एक मायक्रॉन. भार काढताना पदार्थ किती उसळून वर येतो, त्यावरून त्याचा ताठपणा काढतात. ऑलिव्हर आणि फार या दोघांनी १९९२ साली मांडलेली ही रीत.

"पण मामा, प्लॅस्टिक भारी चिवट! भार तोच ठेवला तरी टोक हळूहळू रुततच राहतं. लगेच उचललं तर हिशेब चुकतो. थोडं थांबावं लागतं."

थांबण्याचे नाव निघाले आणि मला कोल्हापूरच्या डॉक्टरांची खोली आठवली. मधुमेहाला बारा वर्षे झाली. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा एक दोरा टेकवला. तो दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. त्याहून जास्त भार देतच नाही. "कळलं की सांगा." मी शहाण्या मुलासारखा वाट पाहत राहिलो. शेवटी विचारले, "सुरू कधी करणार?" डॉक्टर म्हणाले, "चार ठिकाणी लावून झाला."

हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते. तिथे, चहा घेताना, सांगून टाकले.

भाचीने पहिला प्रश्न काय विचारावा? "दोरा नवा होता का?" नायलॉन दमट हवेत मऊ पडतो. एकामागून एक दहा-बारा रोग्यांना लावला की थकतो; त्याला दिवसभर विसावा द्यावा लागतो, नाहीतर दहा ग्रॅमच्या आधीच वाकतो.

माझा जीव भांड्यात पडला! श्रावणातला पाऊस, बाहेर रोग्यांची ही रांग. म्हणजे दोषी दोरा. माझे पाय नाहीत! मी दुसरा कप मागितला, आणि फराळाच्या डब्याकडेही एकदा पाहून घेतले.

"पण तुमच्यानंतर त्यांनी तोच दोरा मला लावला होता," सौभाग्यवती ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या. "मला गुदगुल्या झाल्या."

दूध उतू आले होते. भाचीने गॅस बंद केला, आत गेली आणि घरात घालायच्या चपलांचा एक जोड आणून माझ्या पायांपुढे ठेवला.