उतारावरची जीप

आमच्या घरी जुनी डिझेल जीप होती. टोकावड्याच्या आत, डोंगराकडच्या आमच्या पाड्यावर तेवढीच एक चारचाकी. सरळगावच्या बाजाराला जाणारी माणसं, म्हशाच्या जत्रेला निघालेली मंडळी, भाताची पोती, युरिया, नवरा-नवरी, सगळं तिच्यातूनच.

मग तिच्या चावीचा स्विच त्रास द्यायला लागला. चावी फिरवली की दिवे लागायचे, हॉर्न खणखणीत वाजायचा, पण सेल्फ गप्प. चावी मागे-पुढे केली की तिसऱ्या-चौथ्या वेळेला घ्यायचा. पावसाळ्यात दहाव्या. आबा म्हणायचे, "म्हातारी झाली, रुसते." दुरुस्ती पुढच्या बाजारावर ढकलायचे, कारण त्यांना उपाय सापडला होता: मारुतीच्या देवळापासून ओढ्याकडे जाणारा उतार. संध्याकाळी जीप तिथं लावायची, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला, गाडी गडगडली, की दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. चाकांनी ते फिरवलं की सुरू होतं. बंद करायलाही डॅशबोर्डाखालची दोरी ओढायची. स्विच नसला तरी चालतं, हे आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात बसलं.

आषाढातली रात्र. लावणी चालू होती. युरियाची पोती उतरवायला आबांनी जीप अंगणात आणली आणि पावसामुळे ती तिथंच राहिली. मध्यरात्री शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचा आठ वर्षांचा पोरगा जमिनीवर निजला होता. पोटात दुखतंय म्हणून उठला, आणि आता त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. आबांनी ओळखलं, मण्यार. ती चावलेली कित्येकदा कळतही नाही. कोणी म्हणालं, भगताला बोलवा. "भगत नाय, डॉक्टर!" म्हणत आबा जीपमध्ये बसले.

चावी फिरवली. दिवे लागले. सेल्फ गप्प.

सहा-सात जणांनी धक्का मारला. अंगण सपाट, चिखल घोट्याएवढा; क्लच सोडला की चाकं फिरायच्या ऐवजी नुसती घसरायची. शेवटी आबांनी बॉनेट उघडलं, गाडी न्यूट्रलला आहे ना हे दोनदा ओरडून विचारलं, आणि सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवला. ठिणग्या उडाल्या, इंजिन धडधडलं.

तोवर अर्धा तास गेला होता. मुरबाडच्या दवाखान्यात लस मिळाली, पोरगा वाचला. चार दिवसांनी काकू आबांच्या पाया पडायला वाकल्या, तर ते मागे सरले. "अर्धा तास मीच घालवला," एवढंच म्हणाले.

पण त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, ते मला घेऊन गॅरेजवर गेले होते. वायरमनने सेल्फकडे जाणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. चावी फिरवली तर लॅम्प नुसता मिणमिणला. बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, दोष स्विचचाच. त्याने तो खोलून दाखवला. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडले होते. नवा स्विच बसवला आणि मध्ये रिले टाकला. आता स्विचने फक्त इशारा द्यायचा, करंटचा भार रिलेने घ्यायचा. आबांच्या जुडग्यात घराची, पंपाची, पेटीची किल्ली होती. तेवढं वजन चावीला लटकवू नका, असंही बजावलं. काम तासाभराचं. खर्च युरियाच्या दोन पोत्यांएवढाही नाही.

आता आबा नाहीत, जीपही नाही. मी टेम्पो चालवतो. चावी दुसऱ्यांदा फिरवावी लागली की त्याच दिवशी गॅरेज गाठतो. तो पोरगा कधी कधी माझ्याबरोबर कल्याणला येतो. गाडी लावायची वेळ आली की अजून उतार शोधतो. मी म्हणतो, "सपाटीवर लाव रे."