टाकी किती दिवस पुरेल?

सातारा
ऑक्टोबर

चि. बंड्या यास,


ट्रेलरचे फोटो पोचले. आतला ओटा पाहून तुझे काका म्हणाले, आपल्या पुण्यातल्या पहिल्या बिऱ्हाडाला एवढा ओटा नव्हता. नोव्हेंबरच्या सुटीत डेन्व्हरहून मोॲबला न्यायचा म्हणतोस आणि वर विचारतोस, “आत्या, पुढे बसवलेल्या दोन टाक्या किती दिवस पुरतील?” जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या बाईला असलं विचारलंस, तेव्हा लांबलचक पत्राची तयारी ठेवली असशीलच.

हा प्रश्न प्रोपेनइतकाच जुना आहे. 1910 च्या सुमाराला पिट्सबर्गमध्ये वॉल्टर स्नेलिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ सरकारी खाण खात्यात नोकरीला होते. फोर्डची मॉडेल टी बाळगणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं की, पैसे मोजून घेतलेलं पेट्रोल घरी पोचेपर्यंत निम्मं उडून जातं, याचा सरकारने काही बंदोबस्त करावा. स्नेलिंग काचेच्या भांड्यात पेट्रोल घेऊन निघाले, तर वाटेत भांड्याचं बूच सारखं उडायला लागलं. आत कसली वाफ साचते, हे शोधता शोधता त्यांना प्रोपेन आणि ब्युटेन सापडले. 1913 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिलं होतं की, पोलादी बाटलीत मावणारा हा गॅस साध्या घराला तीन आठवडे उजेड देईल. गॅस लोकांच्या घरात जायच्या आधी दिवसांचा हिशेब छापून आला होता! पण तो आकडा दिव्यांचा होता. घर गरम करायचा हिशेब त्यात नव्हता, आणि तुझी गोम नेमकी तिथेच आहे.

तुझी एक टाकी 30 पौंडांची, म्हणजे 13.6 किलोची. आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर 14.2 किलोचा. अर्ध्या किलोच्या आसपासचा फरक. आमचा दोघांचा सिलिंडर आरामात दीड-दोन महिने जातो. तुझ्या आजीच्या वेळी भरल्या घरात, सणवार धरून, महिना जायचा. तेवढाच गॅस तिकडे चार दिवसांत संपू शकतो. गॅस जवळजवळ तोच. इथे त्यावर आमटी-भात होतो, तिकडे तो रात्रभर हवा तापवतो, आणि ट्रेलरच्या पातळ भिंतींतून ती हवा थंड होत राहते.

म्हणून आधी दिवस विसर आणि पौंड धर. एक पौंड प्रोपेन जळलं की साधारण 21,500 बीटीयू उष्णता मिळते. (बीटीयू म्हणजे ‘ब्रिटिश’ एकक, अमेरिकेने ते अजून कवटाळून ठेवलंय, त्यामुळे तुझ्या प्रत्येक उपकरणाच्या पाटीवर तेच सापडेल.) दोन टाक्यांचे 60 पौंड, म्हणजे जवळजवळ 13 लाख बीटीयू. एवढी तुझी शिल्लक. आता खर्च बघू.

फ्रीजबद्दल सूनबाई काळजी करतात, पण तो फार कमी खातो. ज्योतीवर चालणारा फ्रीज ही मोठी गमतीची वस्तू आहे. 1922 मध्ये स्टॉकहोममध्ये बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. खालून उष्णता दिली की अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या फेऱ्यातून वर गारवा तयार होतो. ना मोटर, ना कॉम्प्रेसर. त्या काळात आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही आपल्या परीने फ्रीजची पेटंटं घेतली होती. हे मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. तर तुझा फ्रीज तासाला 1,500 बीटीयूच्या आसपास घेईल. चोवीस तास अखंड पेटता धरला, तरी दिवसाला पावणेदोन पौंड.

पाण्याची टाकी सहा गॅलनची, म्हणजे 50 पौंड पाणी. ते गार पाण्यापासून अंघोळीइतकं कढत करायला, धुराड्यातून वाया जाणारी उष्णता धरून, पाव पौंड गॅस पुरे. दोनदा तापवलंस तर अर्धा. शेगडीला दिवसभराचा मिळून पाव ते अर्धा पौंड. या सगळ्याची बेरीज अडीच पौंडांच्या आसपास. उन्हाळ्यात गेलास तर दोन टाक्या तीन आठवडे ओलांडून पुढे जातील. 1912 चा तो आकडा इथे पुन्हा भेटतो, हा अर्थात योगायोग.

आता फर्नेस. तुझ्या आकाराच्या ट्रेलरला बहुधा 30,000 बीटीयूचा असतो. तो सतत पेटत नाही, थर्मोस्टॅटच्या हुकमाने पेटतो-विझतो. मोॲबला नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या जवळ उतरतो. बारा तासांच्या रात्रीत तो एकतृतीयांश वेळ पेटला, तर चार तास, म्हणजे 1,20,000 बीटीयू, म्हणजे साडेपाच पौंडांहून थोडं जास्त. बाकीच्या अडीचात मिळवलं की दिवसाला आठ पौंड. साठ भागिले आठ, साडेसात दिवस. पण उणे पंधराच्या थंडीत अडकलात आणि फर्नेस दिवसरात्र निम्म्याहून अधिक वेळ पेटता राहिला, तर दिवसाला वीस पौंड आणि अवघे तीन दिवस. त्याच दोन टाक्यांचे तीन दिवसही होतात नि चोवीसही. त्यामुळे ‘टाकी इतके दिवस जाते’ असं ठोकून सांगणाऱ्याला आधी विचार, बाहेर थंडी किती होती?

टाकीवर लावायचा तो दाबाचा काटा घेणार आहेस म्हणे. घेऊ नकोस. टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतं आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याचीच वाफ. वाफेचा दाब किती, हे तापमान ठरवतं. खाली द्रव किती उरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भरलेली टाकी आणि तळाशी चार बोटं उरलेली टाकी एकाच हवेत एकच दाब दाखवतात. दुपारी काटा वर, पहाटे खाली, गॅस मात्र तेवढाच. द्रव पूर्ण संपल्यावर काटा कोसळतो, पण तोवर फर्नेसनेच तुला उठवलेलं असेल.

खरी गोष्ट वजन सांगतं. फोटोत टाकीच्या गळपट्टीवर टी. डब्ल्यू. अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला दिसतो, ते रिकाम्या टाकीचं वजन. आपल्याकडे सिलिंडरवर रिकामं वजन रंगवलेलं असतं आणि पोचवायला आलेल्या माणसाकडून आई काट्यावर वजन करून घ्यायची, तेच हे. बाथरूमचा वजनकाटा चालेल. एकूण वजनातून कोरलेला आकडा वजा केलास की उरलेले पौंड कळले. ओल्या फडक्याची आईची युक्तीही तिकडे चालेल: टाकीवरून ओलं फडकं फिरवायचं, वरचा रिकामा भाग लवकर वाळतो, आत द्रव असलेला भाग ओला राहतो. थंडीत हवेमुळेच वाळायला वेळ लागेल, म्हणून मी वजनकाट्यालाच मत देईन.

टाकी भरणारा ‘पूर्ण भरली’ म्हणेल तेव्हा ती ऐंशी टक्केच भरलेली असते. तो तुला फसवत नाही. ऊन लागलं की द्रव फुगतो, त्यासाठी जागा ठेवतात, आणि तुझे तीस पौंड हे त्या ऐंशी टक्क्यांचेच आहेत. दुकानाबाहेर पिंजऱ्यात ठेवलेल्या बदली टाक्यांचं तसं नाही. त्या 20 पौंडी म्हणवतात, पण पुष्कळदा त्यांत 15 पौंडच भरलेले असतात. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुझ्या मोठ्या टाक्या त्या पिंजऱ्यात मिळणारही नाहीत. निघण्याआधी दोन्ही भरूनच घे.

आपला घरगुती गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, साताऱ्याच्या हवेला ते ठीक. तुमच्याकडच्या गारठ्यात ते टाकीत नुसतं पडून राहील, वाफच धरणार नाही. प्रोपेन उणे 42 ला उकळतं, म्हणून तिकडे तेच विकतात.

आणि एवढा सगळा हिशेब करून गॅस उरेल, पण बॅटरी बसेल! फर्नेसचा पंखा 12 व्होल्टवर चालतो आणि आठेक अँपिअर ओढतो. चार तासांचे 32 अँपिअर-तास झाले. तुझी 100 ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे हाताशी 50. दुसऱ्या रात्री पंखा थांबेल, आणि पंखा नसला तर फर्नेस पेटतच नाही. विजेची जोडणी नसलेल्या जागी उतरणार असाल तर सोलर पॅनेल किंवा जनरेटरचं बघ. फर्नेस बंद पडला की शेगडी पेटवून ट्रेलर तापवायचा मोह होतो. तो साफ टाळायचा; बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि जमिनीलगतचा गॅसचा अलार्म (प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, खाली बसतं) दोन्ही चालू आहेत ना, ते निघायच्या आदल्या दिवशी बघ.

दोन टाक्यांच्या मध्ये तुझा रेग्युलेटर आहे, त्याला एक छोटी खिडकी असते. एक टाकी संपली की तो आपोआप दुसरीवर जातो आणि खिडकीत हिरव्याचं लाल होतं. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी तिथे नजर टाक. लाल दिसलं की त्याच दिवशी रिकामी टाकी भरायला न्यायची.

फर्नेसच्या पाटीवरचा ‘इनपुट’ आकडा फोटो काढून पाठव. मी 30,000 धरलाय. 20,000 चा निघाला तर एकतृतीयांशऐवजी निम्मा वेळ पेटेल, बेरीज तीच. पण 40,000 चा असला आणि ट्रेलर मोठा असला, तर मला पुन्हा कागद घेऊन बसावं लागेल.

सूनबाईंना आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आत्या