बकुळीचा ओटा

असोदा, जि. जळगाव
श्रावण शुद्ध पंचमी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अंगणातील बकुळीचे छायाचित्र पाहून तू विचारले आहेस की, आजीच्या स्मरणार्थ लावलेले झाड भुईच्या पातळीवर न राहता हातभर उंच ओट्यावर का उभे आहे, आणि त्याच्या पश्चिमेस पऱ्हाट्यांचा तट्टा कशासाठी बांधला आहे. तुझ्या कॅनडातील घरापुढे लावलेला स्प्रूसही तांबूस पडू लागल्याचे तू लिहिले आहेस, म्हणून ही हकीकत तपशिलाने कळवितो.

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसावर तुझ्या वडिलांनी मोठ्या श्रद्धेने हे रोप लावले. खड्डा कमरेइतका खोल खणला, तळाशी शेणखत भरले, आणि उन्हाळ्यात मुळांना ओलावा सापडावा या हेतूने रोप वीतभर खाली बसविले. मुरमाड, उताराच्या जमिनीत ही रीत निभावून जाते. परंतु तापीच्या खोऱ्यातील आपली काळी भुई निराळ्या स्वभावाची आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते, फुगली की तिची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आणि मग वरचे पाणी खाली उतरण्यास वाटच उरत नाही. वैशाखात तीच माती आक्रसून हात शिरेल एवढ्या भेगा पाडते. अशा भुईत खणून भुसभुशीत केलेला खड्डा हा पावसाळ्यात हौदच होय. आपल्या जिल्ह्याचे पर्जन्यमान वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या मानाने किरकोळ. पण ते बहुतेक चार महिन्यांत पडते, आणि त्या खड्ड्याला तेवढे पुरेसे होते.

भाद्रपदात पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. पुढे टोके करपली आणि पाने लोंबू लागली. पाने लोंबतात ती तहानेने, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे कोणी पाणी वाढविण्याचा सल्ला दिला, कोणी मूठभर युरिया घालण्याचा, तर कोणी फवारणीचा. मी हे तिन्ही उपाय थांबविले. मुळांना पाण्याइतकीच हवेतील प्राणवायूची गरज असते. माती पाण्याने तुडुंब भरली की मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेले मूळ भोवती पाणी असूनही ते वर पोचवू शकत नाही. बुडालेले झाड आणि तहानलेले झाड वरून सारखेच दिसते, आणि याच सारखेपणापायी किती रोपे मायेच्या माणसांच्या हातून मरतात याची गणती नाही.

आपले जुने सालदार आबा यांनी खुरप्याने खोडालगतची माती हळूहळू उकरली, तेव्हा कुजक्या अंड्यासारखा दर्प आला. खालची मुळे काळी पडली होती. चिमटीत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढी शीर तेवढी राहिली. शिवाय रोपवाटिकेच्या पिशवीत वाढताना मुळांनी घेतलेले वेटोळे तसेच कायम होते. परंतु वरच्या अंगाला, जेथे हवा पोचत होती तेथे, पांढरी कोवळी मुळे सापडली. मी फांदीची साल नखाने किंचित खरवडली, तर आत हिरवा ओला थर होता. मुळात जीव होता.

पाऊस उघडल्यावर, आश्विनात, आम्ही मातीच्या गड्ड्यासह रोप उचलले. कुजलेली मुळे धारदार कात्रीने काढली, वेटोळे सोडविले, जे सुटेना ते कापले, आणि खड्डा पुन्हा काळ्या मातीनेच भरून त्यावर माती, मुरूम आणि थोडे पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून हा ओटा रचला. खोड जेथे रुंदावून मुळांत उतरते तो सांधा उघडा दिसला पाहिजे, हा माझा आग्रह होता. खत त्यानंतर काडीचेही घातले नाही, कारण आजारी मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. फांद्याही छाटल्या नाहीत. नवे मूळ जगते ते उरलेल्या पानांच्या कमाईवर. पाण्यासाठी दुहेरी आळे केले, म्हणजे खोडालगतचे आतले आळे कोरडे राहते आणि पाणी बाहेरच्या आळ्यात मुरते. पाणी कधी द्यायचे ते आबा ठरवीत. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पाणी नाही, फुटला तर द्यायचे, आणि दिले की पोटभर. ही पारख या गावाला पुस्तकांनी दिलेली नाही. १८८० साली येथेच जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, तरी माती आणि बीज यांचे व्यवहार त्यांच्याइतके जाणणारे विरळा.

आता तट्ट्याविषयी. पानझडी झाड पाने टाकून विश्रांती घेते. सदाहरित झाडाला ती सवलत नाही, बाराही महिने त्याच्या पानांतून पाणी उडतच असते. मूळ दुबळे आणि खर्च चालू, अशा स्थितीत आपल्याकडच्या ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या पाऱ्याला तोंड देणे म्हणजे प्राणसंकट. म्हणून शिमग्यानंतर पश्चिमेच्या उन्हाची व झळांची वाट पऱ्हाट्यांनी अडविली. ज्या कपाशीच्या काड्यांवर हिवाळ्यात आपल्या असोद्याची वांगी भरितासाठी भाजली जातात, त्यांतल्याच पेंढ्या यंदा राखून ठेवल्या होत्या. बुंध्यापासून चार बोटे जागा सोडून भोवती केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन घातले, त्यामुळे भेगा पडल्या नाहीत. तुमच्याकडे हिवाळ्यात सूचिपर्णी वृक्षांना गोणपाट गुंडाळतात, त्यामागचे कारणही हेच: जमीन गोठलेली, मुळांना पाणी नाही, आणि वारा व ऊन मात्र पानांतील ओल काढून नेतात.

वैशाखात आणखी काही पाने गळाली, तेव्हा तुझे वडील फार अस्वस्थ झाले. पण ज्येष्ठ संपता संपता शेंड्याशी तांबूस कोंब फुटले, आणि आज नवी पाने गर्द, चकचकीत आहेत. एक फांदी वाळली, ती काढून टाकली. या पावसात ओट्याभोवतीच्या चरातून पाणी अंगणाबाहेर निघून गेले. फुलांची घाई मात्र आजीच्या नातीने करू नये. चिकूच्या आणि मोहाच्या कुळातली ही बकुळ सावकाश वाढणारी, तिला काही वर्षे दिलीच पाहिजेत. येत्या आश्विनात बाहेरचे आळे आणखी हातभर दूर न्यायचे आहे, आणि आधाराच्या काठीची सुतळी सोडायची आहे, म्हणजे खोड वाऱ्यावर हलून आपल्या बळावर जाड होईल.

तुझ्या स्प्रूसला तूर्त खत घालू नकोस. बुंध्याशी माती किंवा लाकडाचा भुसा चढला आहे काय, मुळांचा सांधा दिसतो काय आणि वीतभर खाली माती ओली आहे की कोरडी, हे स्वतः उकरून पाहा आणि हिम पडण्यापूर्वी मला कळव. घरी सर्व क्षेम आहे.

तुझा काका