दीडशे केसेस, एक वकील

'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य आपण पेपरातल्या जाहिरातींत इतक्या वेळा बघितलंय, की डोळे आपोआप पुढच्या पानावर जातात. माझेही जायचे. पण इथे वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, सिअ‍ॅटलवालं!) कोर्टाच्या नियमांतला असा एक बदल मी मुळापासून वाचून काढला. कारण प्रश्न अगदी आपल्याच धंद्यातला होता. एका माणसावर किती काम टाकायचं?

१९६३ च्या गिडियन खटल्यापासून अमेरिकेत गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो. (आपल्याकडचा 'सरकारी वकील' नव्हे, तो आरोपीच्या विरुद्ध उभा असतो.) अशा वकिलाने वर्षाला गंभीर गुन्ह्यांच्या फार तर १५० केसेस घ्याव्यात, असा या राज्याचा नियम होता. हा आकडा आला १९७३ सालच्या एका राष्ट्रीय आयोगाकडून. म्हणजे शुद्ध लेगसी कोड.

जरा हिशोब करू. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, सुट्टी नाही, ताप नाही, मीटिंग नाही. झाले २०८० तास. भागिले १५०. एका केसला धड चौदा तासही नाहीत! तेवढ्यात पोलिसांचे कागद वाचायचे, तुरुंगात जाऊन अशिलाला भेटायचं, साक्षीदार शोधायचे. वर आता पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं तासन् तास फुटेज आणि मोबाइलचा डेटा. १९७३ मध्ये यातलं काय होतं? आम्ही एकेका बगवर याहून जास्त वेळ घालवतो, आणि त्यापायी कोणी तुरुंगात जात नाही.

२०२३ मध्ये रँड वगैरे संस्थांचा नवा अभ्यास आला. त्याच्या आधारावर राज्याच्या बार असोसिएशनने २०२४ मध्ये सुचवलं की २०२७ पर्यंत १५० वरून ४७ वर या. हे ४७ म्हणजे 'केस क्रेडिट्स', आपले स्टोरी पॉइंट्सच. साध्या केसला कमी, खुनाच्या केसला कितीतरी जास्त. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने यावर लोकांची मतं मागवली, सुनावण्याही घेतल्या.

वकील म्हणाले, आम्ही पिचून गेलोय. काउंट्या म्हणाल्या, पैसे कुठून आणू? आणि वकील तरी कुठून आणू? हेही खोटं नाही, कारण इथे या वकिलांचा बहुतेक खर्च काउंट्या आणि शहरंच उचलतात.

जून २०२५ मध्ये कोर्टाने निकाल दिला. आकडा ४७ च, पण तिथे पोचायला दहा वर्षं, सुरुवात १ जानेवारी २०२६ पासून. स्कोप तोच, डेडलाइन पुढे! रिलीज मीटिंगमधून उठून आल्यासारखं वाटलं मला. टप्प्याटप्प्याने जाणं समजू शकतं, पण दहा वर्षं म्हणजे फारच. आणि यात ज्याची केस आज उभी आहे, त्याला वाट बघायची सोय नाही. तो चौथ्या तासाचा आहे की चौदाव्या, हे त्याला कळणारही नाही.

असो. मी व्हिसावरचा माणूस, मला इथे मतदान नाही. पण कोर्टाच्या नियमांवर मत पाठवायला नागरिकत्व कोणी विचारत नाही. ईमेलला मर्यादा आहे १५०० शब्दांची, आणि नव्या प्रस्तावांवर लिहायची मुदत एरवी ३० एप्रिलपर्यंत असते.