‘असे मानले जाते’

१९९६ सालच्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका कम्युनिटी कॉलेजच्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन’च्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर पस्तिशीची एक मराठी स्त्री बसत असे. महाराष्ट्रातील एका विद्यापीठाची मराठीची एम.ए. पदवी, एकोणिसाव्या शतकातील निबंधवाङ्मयावरचा लघुप्रबंध आणि कनिष्ठ महाविद्यालयातील सहा वर्षांचे अध्यापन तिच्या गाठीशी होते. पुढे काहीही शिकायचे तर लेखन, संशोधन आणि प्रसारमाध्यमे यांचा हा अभ्यासक्रम अनिवार्य, म्हणून ती आली होती. परिच्छेद कसा लिहावा हे आता आपल्याला कोणी शिकवावे, ही भावना तिने लपवली असली तरी ती तिच्यात होती.

या अभ्यासक्रमाचा इतिहासही फारसा गौरवास्पद नाही. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखन आणले, मुलांना लिहिता येत नाही अशी ओरड सुरू झाली आणि १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ पहिल्या वर्षाला आले. त्यानंतर दीर्घकाळ हा विषय इंग्रजी विभागाच्या माजघरात राहिला. साहित्य शिकवणारे ओटीवर, निबंध तपासणारे आत. (१८७४ हेच ‘निबंधमाले’चे पहिले वर्ष, हा निव्वळ योगायोग. पण चिपळूणकरांचा ‘निबंध’ शाळेतल्या ‘पावसाळ्यातील एक दिवसा’पर्यंत कसा घरंगळला, हे त्यावरून आठवावे.) १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त उत्तीर्णांना दारे उघडली, तेव्हा या माजघरात खरा विचार सुरू झाला. तेथे शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी सुमारे चार हजार निबंध वाचून ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) लिहिले. विद्यार्थ्याच्या चुकीमागे निष्काळजीपणा नव्हे, बहुधा त्याने स्वतःशी बांधलेला एखादा नियम असतो, हे त्यांचे प्रतिपादन.

वर्गावरच्या शिक्षिका याच विचारात वाढलेल्या असाव्यात. पहिल्या निबंधात उपपदे जागोजागी गळली होती. त्यांनी लाल शाई वापरली नाही. तुमच्या भाषेत माहीत असलेला माणूस आणि अनोळखी माणूस यांतला फरक कसा दाखवतात, एवढेच विचारले. ‘एक माणूस आला’ आणि ‘माणूस आला’ हा भेद समजावून सांगताना, इतकी वर्षे मराठी शिकवूनही आपण तो कधी निरखला नव्हता, हे तिच्या ध्यानात आले.

दुसरा पाठ वृत्तपत्रांचा. एकाच घटनेचे दोन दैनिकांतील वृत्तान्त घ्यायचे आणि ज्या विधानाला बोलणारा नाही त्याखाली रेघ ओढायची. तिला ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ आठवले आणि हसू आले. ते हसू तिसऱ्या पाठापर्यंतच टिकले.

संशोधनलेखासाठी तिने ‘दर्पण’ निवडले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र मानले जाते, हे तिचे आरंभीचे वाक्य. समासात पेन्सिलीने प्रश्न आला: कोणाकडून? तिला राग आला. शाळकरी पोरालाही ठाऊक असलेल्या गोष्टीला आधार काय द्यायचा? परंतु शोधू लागल्यावर १८२८ मधील ‘मुंबापूर वर्तमान’चा उल्लेख सापडला. शिवाय ‘दर्पण’मध्ये मराठीच्या शेजारी इंग्रजी स्तंभ चाले, मग ‘पहिले’ कोणत्या कसोटीवर आणि ‘मराठी’ कोणत्या? ‘मानले जाते’ या दोन शब्दांनी हे सारे प्रश्न झाकून ठेवले होते.

या शोधातच आंतरग्रंथालयीन देवघेवीतून एक मराठी लेखसंग्रह तिच्या हाती आला. पी.एल. ४८० खाली विकलेल्या धान्याच्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांत जाऊ लागली होती. त्यांतलेच ते असावे. जांभेकरांवरचा लेख संपवून तिने सहज पुढची पाने उलटली. तेथे तिच्याच लघुप्रबंधातील तीन परिच्छेद छापलेले होते. पुस्तक प्रबंधाच्या कितीतरी वर्षे आधीचे.

तिने चोरी केली नव्हती. ते परिच्छेद एम.ए.च्या वर्गात सरांनी सांगितले होते आणि तिने वहीत उतरवून घेतले होते. सरांनी ते कोठून घेतले, हे कोणी विचारले नाही. विचारणे हा उद्धटपणा ठरला असता. विद्या मुखातून कानात जाते, या समजुतीत एक जिव्हाळा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. डेव्हिड बार्थोलोमे यांनी ‘इन्व्हेंटिंग द युनिव्हर्सिटी’ (१९८५) या निबंधात म्हटल्याप्रमाणे विद्यापीठाची भाषा अंगवळणी पडण्याआधीच विद्यार्थ्याला ती बोलून दाखवावी लागते. म्हणजे उसना आवाज प्रत्येकाच्याच वाट्याला येतो. तरीही एक गोष्ट खटकते. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून अस्सल कागदांवाचून इतिहास नाही, हा दंडक घालून दिला. त्याच भाषेतल्या साहित्याच्या वर्गात मात्र वाक्य भारदस्त असले की भागत आले. ‘असे दिसते’, ‘असे म्हणता येईल’ हे प्रयोग नम्रतेचे म्हणून आले आणि जबाबदारी टाळण्यासाठी राहिले.

अर्थात त्या वर्गाचे सर्वच तिने स्वीकारले नाही. मुख्य विधान पहिल्याच परिच्छेदात मांडावे, वाचकाला ताटकळत ठेवू नये, हा नियम तिला अखेरपर्यंत कारकुनी वाटला. विषयाभोवती फिरत फिरत त्याच्यापाशी पोचणाऱ्या लेखनात लेखकाचा विचार घडताना दिसतो; तो आधीच घडवून आणून ठेवला, तर वाचकाला उरते काय? तिने हे शिक्षिकेला सांगितले. त्यांना ते पटले नाही. गुण मात्र चांगले दिले.

डिसेंबरात सत्र संपल्यावर तिने बॅगेच्या तळाशी असलेली लघुप्रबंधाची बांधीव प्रत काढली. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांना पत्र लिहावे की नाही, हे तिला ठरवता आले नाही. तीन परिच्छेदांच्या समासात तिने पेन्सिलीने त्या लेखसंग्रहाचे नाव आणि पृष्ठांक घातले. मग पुढचे पान उलटले. पहिलेच वाक्य ‘असे सर्वसाधारणपणे मानले जाते की’ असे सुरू होत होते. ते आपले, सरांचे की आणखी कोणाचे, हे तिला आठवेना. त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ती पुढच्या वाक्याकडे वळली.