पौषातील लोहगड आणि नानांचे तळे

लोहगडास जावे ते श्रावणात, असा आपल्याकडे रूढ समज आहे. परंतु त्या दिवसांत गड दिसत नाही, ढग दिसतो. आणि पायऱ्यांवर माणसांची दाटी इतकी, की पुढच्याच्या टाचेवाचून दुसरे काही दृष्टीस पडू नये! वडीलधारी माणसे व मुले बरोबर असतील तर पौष महिनाच बरा. मात्र पौषाचेही काही नियम आहेत. त्यांतील एक मी विसरलो, त्याची ही हकीकत.

सकाळी सातला मळवली स्टेशनावर उतरलो, तेव्हा इंद्रायणीकाठचे धुके विरले नव्हते. बरोबर आत्या, वहिनी आणि दहा वर्षांचा पुतण्या. द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडून भाजे गाव गाठले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेली तेथील लेणी परतताना पाहू, असे ठरवून चढाला लागलो. पूर्वेस विसापूर उभा असल्यामुळे या वाटेवर ऊन उशिरा येते. गवत दहिवराने भिजलेले होते. पाऊल चांगले टेकत होते. गायमुख खिंडीत आल्यावर डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीपर्यंत आता मोटार जाते, हे आत्याला मी आधीच सांगितले होते. "मग गड चढले कशाला म्हणायचे?" एवढेच ती म्हणाली.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार द्वारे ओलांडून माथ्यावर आलो. पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या पायऱ्या आता खडखडीत कोरड्या होत्या. या गडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत केला. परंतु आम्हांस ओढ होती ती नाना फडणिसांच्या सोळा कोनी तळ्याची. पाणी काठाखाली उतरले होते. वारा नव्हता; त्यात आकाश उतरले होते. हे पाणी आज पिऊ नये. घरून आणलेलेच प्यावे.

आत्या काठावर बसली. नाना १८०० साली गेले आणि मागे उरली कोवळ्या वयाची जिऊबाई. पुढील धामधुमीत तिने काही काळ याच गडाचा आश्रय घेतला होता. "एवढीशी पोर," आत्या म्हणाली, "संध्याकाळी या पाण्याशी येऊन बसत असेल का रे?" मला उत्तर सुचले नाही. आत्या स्वतः एकविसाव्या वर्षी माहेरी परत आली होती, हे घरात कोणी बोलत नाही.

पाणी होते, तट होता, तरी १८१८ साली हा गड लढला नाही. ४ मार्चला इंग्रजांनी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड पडला. समोरचा विसापूर याहून उंच. तेथून तोफा रोखल्यावर तळ्यातील पाण्याचा काय उपयोग?

येथवर सारे सुखरूप होते. तीन वाजता मला विंचूकाट्याची हौस आली. गडाची ती लांब, अरुंद सोंड. तिच्यावर जाण्यास थोडे खडकातून उतरावे लागते. सकाळचे दहिवर केव्हाच सुकले होते, आणि उताराच्या मुरुमावर पिवळे गवत आडवे पडले होते. हिमप्रदेशांत लोक पायांस लाकडी पट्ट्या बांधून मुद्दाम घसरतात म्हणे. आमच्या पुतण्याला पट्ट्यांची गरज पडली नाही! पाय निसटला तो चार-पाच हात खाली, कड्याच्या रोखाने. वहिनी पुढे होत्या. त्यांनी बसकण मारून त्याला अंगावर घेतले, म्हणून तो थांबला. त्यांचे दोन्ही तळवे सोलून निघाले. मी वरच उभा होतो.

पौषात दुपारचा उतार सकाळच्या चढाइतका विश्वासू नसतो, हे मला ठाऊक होते. तरीही मी नेले.

कोणी काही बोलले नाही. आत्याने पदराची किनार फाडून वहिनींचे हात बांधले. खिंडीत येईतो सूर्य कलला होता. लेणी राहून गेली. मळवलीच्या फलाटावर पुतण्या आत्याच्या मांडीवर झोपला होता. गाडीचा दिवा दिसू लागला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पुढल्या खेपेस आधी लेणी पाहू."