जिरलेलं पाणी कुणाच्या विहिरीत?

सप्टेंबर जवळ आला की आमच्या नात्यागोत्यात एकच विषय असतो. यंदा हरेगावला कधी निघायचं, आणि गाडी कुणाची?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हरेगाव आमच्याच श्रीरामपूर तालुक्यात आहे. आम्ही बेलापूरकर प्रवरेकाठी, ते श्रीरामपूरच्या पलीकडे. तिथली मतमाउलीची यात्रा ८ सप्टेंबरच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या, सुमारास भरते. आधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि मग मुख्य यात्रा. लांबलांबून माणसं येतात. कुणी नवस फेडायला, कुणी बोलायला, कुणी नुसतंच भेटायला. मी आजीचं बोट धरून जायचे, तेव्हापासून जाते आहे.

२०२३ साली ऑगस्टच्या शेवटी याच हरेगावात चार दलित तरुणांना झाडाला उलटं टांगून मारहाण झाली. संशय काय, तर शेळी आणि कबुतरं चोरली. बातमी देशभर गेली. गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, पण मतमाउलीमुळे नव्हे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आली नोव्हेना. मी नऊ दिवस जपमाळ केली, अगदी मनापासून, आणि काय मागितलं? भाच्याची नोकरी. ती चार पोरं माझ्या जपमाळेत एकदाही आली नाहीत. बातमी वाचून हळहळले होते, नाही असं नाही. पण हळहळ एका खोलीत आणि प्रार्थना दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद! हे माझ्या लक्षात आलं ते यात्रा संपून घरी आल्यावर, पाय दुखत होते म्हणून गरम पाण्यात सोडून बसले होते तेव्हा. तेव्हापासून हे मनात घोळतंय, म्हणून आज लिहून टाकते.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. मावशीचं म्हणणं, "देवळात देवाचं बोलावं. मोर्चाचं मोर्चात." मावसभाऊ नेमका उलट, "डोळे मिटून बसणाऱ्यांनी आजवर कुणाचं भलं केलंय, सांग बरं ताई?" (दोघंही हे वाचणार आहेत. मावशी, रागावू नकोस.) गंमत म्हणजे दोघांचं एका बाबतीत एकमत आहे, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी दोन्हीकडे राहून आले आहे. तरुणपणी तीनेक वर्षं एका संघटनेबरोबर धावले. निवेदनं, धरणी, तहसील कचेरीच्या पायऱ्या. कामं काही झाली, काही नाही झाली. पण तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मला सगळ्यांचाच राग येतोय. साहेबांचा येत होताच, पण ज्यांच्यासाठी धावत होते त्यांचाही यायला लागला. "यांनाच काही पडलेली नाही तर मी कशाला मरू?" हे वाक्य तोंडातून गेलं त्या दिवशी मी घरी आले ती परत गेलेच नाही. नंतर कित्येक वर्षं नुसती प्रार्थना. शांत, आणि खरं सांगायचं तर सोयीची!

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला कळलं पाण्याच्या कामातून. आपल्या जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) फादर हरमन बाखर यांचं नाव जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. जन्म १९२४, मूळचे स्वित्झर्लंडचे, येशूसंघी. १९४८ साली भारतात आले आणि आयुष्य आपल्या दुष्काळी माळावर घालवलं. नगरचं सोशल सेंटर त्यांनी उभं केलं. १९८९ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' सुरू केली. २०२१ साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

हा माणूस येशूसंघी होता हे मला महत्त्वाचं वाटतं. या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या माणसांना दिवसातून दोनदा थांबून स्वतःचा दिवस तपासायला सांगितलं. आज देव कुठे भेटला, आणि मी कुठे तोंड फिरवलं? त्यांच्या परंपरेत कृतीत असतानाच चिंतनात राहणं हा आदर्श मानतात. पुढे १९७४-७५ च्या महासभेत याच संघाने ठरवलं की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणं त्यातून वगळता येणार नाही. म्हणजे मावशीचं देऊळ आणि मावसभावाचा मोर्चा एकाच छपराखाली!

आता पाणलोटाचं काम कसं चालतं बघा. सुरुवात माथ्यापासून करायची, पायथ्याकडे यायचं. वर डोंगरउतारावर समतल चर, झाडं, गवत. मग खाली बांध. पळणारं पाणी चाललं पाहिजे, चालणारं थांबलं पाहिजे, थांबलेलं जिरलं पाहिजे. घाई करून आधी खालीच बंधारा बांधला तर काय होतं? उघड्या उतारावरून पाण्याबरोबर माती येते आणि दोनचार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. पाणी तेवढंच पडतं, पण ते साठायला जागाच उरत नाही.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी स्वतःशीच हसले. माझी ती तीन वर्षं म्हणजे असाच बंधारा! वरचा उतार उघडा, आणि खाली रागाचा गाळ. पहाटेचं गप्प बसणं म्हणजे वरचे चर खोदणं. दिसायला काहीच दिसत नाही, फोटोही काढता येत नाही. पण दिवसभरात जे अंगावर येणार ते अडायला आणि मुरायला तिथेच जागा होते.

पण थांबा, एवढ्यावर संपलं असतं तर माझी प्रार्थना आणि मी सुखी राहिलो असतो. पाणलोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो फार अडचणीचा आहे. वर जिरलेलं पाणी खाली कुणाच्या विहिरीत निघतं?

उतारावर गवत-झाड यायचं तर चराईबंदी करावी लागते. आता शेळ्या कुणाच्या? बहुतेक भूमिहीनांच्या आणि मेंढपाळांच्या. पाणी चढतं ते खालच्या बाजूला ज्यांची जमीन आहे त्यांच्या विहिरींना. म्हणजे झीज एकाची आणि लाभ दुसऱ्याचा. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे पाणलोटाचं नावाजलेलं गाव, पण तिथेही चराईबंदीवरून मेंढपाळांचा विरोध झालाच होता. अशा वेळी सगळ्यांना एकत्र बसवून, कुठला तुकडा कधी बंद आणि कधी खुला हे ठरवावं लागतं. नुसते चर खोदून न्याय होत नाही. तो वेगळा मागावा लागतो, वेगळा बसून ठरवावा लागतो.

हे आमच्या बेलापूरकडे तर फारच लागू आहे. इथे भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आलं, ऊस आला, ब्रिटिश काळात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला. कारखान्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या आणि पुढे कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे. खंडकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळायला लागल्या. चांगलंच झालं. पण त्याच जमिनीत जी माणसं मजुरीने राबली त्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, त्यामुळे परत मिळण्याचा प्रश्नच आला नाही.

माझी आजी त्यातलीच. उसाच्या सऱ्यांत खुरपणी करताना तिच्या हातात जपमाळ कुठून असणार? ती म्हणायची, "एका सरीला एक रहस्य." पाच सऱ्या झाल्या की एक जपमाळ पुरी. मला लहानपणी ते फार गोड वाटायचं. आता वाटतं, गोड आहेच, पण जिच्या प्रार्थनेने ती सरी भिजली तिच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

लूकच्या शुभवर्तमानात मरियेचं एक गीत आहे. चर्चच्या सायंप्रार्थनेत ते रोज म्हणतात. गरोदर पोरगी नात्यातल्या बाईकडे जाते आणि देवाची स्तुती करते. कशाबद्दल? त्याने सत्ताधीशांना खाली ओढलं, दीनांना उंचावलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती पाठवलं, याबद्दल! आम्ही मतमाउलीला मेणबत्ती लावतो तेव्हा ती बाई हे गाणारी आहे हे विसरतो. तिच्या गीतात देऊळ आणि मोर्चा वेगळे निघतच नाहीत, मावशी.

असो. मी काही फार मोठं करत नाही. रात्री झोपण्याआधी इग्नेशियसचे दोन प्रश्न विचारते आणि त्याला एक तिसरा जोडलाय, "आज मला जे मिळालं, त्यात झीज कुणाची झाली?"

गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, ठरवलं की रोज नात्याबाहेरच्या एका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. आमच्याकडे तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे आली रस्त्याच्या कडेला कोपीत राहणारी बाई, जी पहाटे डोक्यावर मोळ्या वाहताना रोज दिसते. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात ना, त्यातली अर्धी. आणि मी अडले. मला तिचं नावच माहीत नव्हतं.

मग काय, प्रार्थना तिथेच थांबवली, चप्पल घातली आणि विचारायला गेले. तिने नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, "कशाला पायजे? कुठं लिवायचंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. तशीच तिच्या चुलीपाशी बसले. बऱ्याच वेळाने तीच बोलायला लागली. मुकादमाच्या उचलीचं, फिटायचं किती राहिलंय त्याचं, मुलीची शाळा गावाकडे सुटली त्याचं. मुलीच्या शाळेचं मग आम्ही दोघींनी मिळून बघितलं, ते पुन्हा कधीतरी सांगेन. उचलीचं मात्र अजून काही करता आलेलं नाही.

यंदा हरेगावला जाईन तेव्हा भाच्यासाठी मागेनच, त्याचीही काळजी आहे. पण बरोबर एक छोटी वही नेणार आहे. नावं लिहिलेली.